साठ ओहम

पेटीवर छापलंय, खाऱ्या पाण्यासाठी.
समुद्र इथून हजार किलोमीटर.
तिघऱ्याचं पाणी गोड, अख्खं ग्वाल्हेर पितं,
आणि तळाशी किती गाळ बसलाय
ते खात्याला मार्चच्या आत हवंय.

सोळा फुटी बोट, फायबरची. नाव नाही, नुसता क्रमांक.
मी बाकाखाली पालथा, तोंडात टॉर्च,
नाळेपासून पिछाडीपर्यंत एक मुख्य केबल ओढतोय.
तिला टी-जोड, टी-जोडांना फांद्या:
खोली सांगणाऱ्याची, वाऱ्याची,
उपग्रह ऐकणाऱ्या पांढऱ्या अळंबीची,
आणि पडद्याची.
तांबडी-काळी म्हणजे वीज.
पांढरी-निळी, एकमेकींना पीळ घालून, ते बोलणं.
उघडी तार एकाच जागी जमिनीला द्यायची.
दोन जागी दिलीत तर मला बोलावू नका.

सगळे एकाच तारेवर बोलतात.
दोघांनी एकदम तोंड उघडलं
तर ज्याचा आकडा लहान, त्याचं पुरं होतं.
दुसरा थांबतो. मग सांगतो.
रुसत नाही.
जनकगंजातल्या आमच्या घरात हे कधी जमलं नाही.

वीज दिली. पडद्यावर चार मीटर.
मग रेघा.
मग एकोणतीस मीटर, जे या कोपऱ्यात
धरण बांधलं तेव्हाही नसेल.
मग पुन्हा रेघा.
रामहेत बाथम काठावर उकिडवा बसून बघत होता,
नाव चालवणाऱ्यानं यंत्राकडे बघावं तसं,
म्हणजे माझ्याकडे.

वीज काढली. मीटरची टोकं पांढऱ्या-निळ्यावर टेकवली.
साठ ओहम हवे होते.
एकशे वीस आले.
म्हणजे एका टोकाला कोणी नाही.

केबलच्या दोन्ही टोकांना एकेक बूच असतं.
त्यातून तार निघत नाही.
ते काही मोजत नाही, कुणाला काही कळवत नाही.
शब्द टोकाला पोचला की मुरवून घेतं, एवढंच.
ते नसलं तर शब्द आपटतो, उलटा फिरतो,
मागून येणाऱ्याच्या अंगावर पडतो.

भाऊ टेलिफोन खात्यात. छत्तीस वर्षं केबली जोडल्या.
घरी येऊन कुणी काहीही सांगा,
मंदाकिनीचं ठरलेलं मोडलं, माझं दुकान बसलं,
ते ऐकायचे, आणि म्हणायचे, "बरं."
आई चिडायची. बरं काय बरं? काही बोलाल?
आम्हालाही वाटायचं, या माणसातून काही निघत नाही.
दोन वर्षं झाली.
मंदाकिनी बडोद्याहून रोज रात्री फोन करते,
कालचंच सांगते.
मीही कालचंच सांगतो.

रामहेतनं बिडीच्या डब्यातून बूच काढून दिलं.
"इसमें से तो कुछ निकलता ही नईं था साब,
हमने कही, फालतू है."
मी ओरडणार होतो. ओरडलो नाही.
बूच फिरवून बसवलं. साठ.
वीज दिली. चार मीटर दहा, आणि तिथंच थांबलं.

रामहेतला पटलं नाही. त्यानं बांबू सोडला,
ओल्या खुणेवर अंगठा धरून वर ओढला.
टेप लावली: चार मीटर साठ.
तो हसला.
मी पण. कारण दोघंही खरे होते.
यंत्र गाळाला टेकून परत आलं होतं,
बांबू गाळात शिरला होता.
मधलं अर्धं मीटर वहीत लिहिलं.
खात्याला तेवढंच तर हवंय.

रात्री फोन आला.
तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे बोललो नाही,
आणि शेवटी म्हटलं, "बरं."
"काय बरं?" ती म्हणाली. "भाऊंसारखं करू नकोस."
मग थोडा वेळ
तारेवर कोणीच नव्हतं.